घरापर्यंत आलेली शाळा : सीमाभागातली पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी हा भाग १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. मुंबईत मतिमंद मुलांसाठीची जय वकील शाळा १९४४ सालीच सुरू झाली होती. पण खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या आईबापांना, ज्या पोराला मान धरता येत नाही त्यालाही शिकवता येतं, हे कोण सांगणार?

१९७४ च्या केंद्राच्या एकात्म शिक्षण योजनेनं अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत बसवलं. त्याचा फायदा मुख्यतः चालत्याबोलत्या मुलांना झाला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानं तीव्र अपंगांसाठी शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहासह विशेष शाळा सुचवल्या. हेतू चांगला होता; पण जे मूल फक्त आईच्या हातचं गिळतं, त्याला बेळगावात ठेवून एस्टीनं परत कसं यायचं?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यानं अशा मुलांना अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षण दिलं. खरा बदल २०१२ चा. शिक्षण हक्क कायद्यातल्या त्या दुरुस्तीनं बहुविकलांग (एकाहून जास्त अपंगत्व असलेल्या) आणि तीव्र अपंग मुलांना घरीच शिकण्याचा हक्क मिळाला. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून २१ झाले.

आता शाळा घरी येते, पण कुठल्या भाषेत? खानापूर तालुक्यातल्या एका घरी मी बसले होते. शिकवायला आलेल्या बाईंनी पेल्याचं चित्र दाखवलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, “नीरु.” चौदा वर्षांचा मुलगा भिंतीकडेच बघत राहिला. आईनं मागून हळूच “पाणी” म्हटलं, तशी त्याची मान वळली, ओठ हलले. बाई मनापासून शिकवत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, एवढंच. ज्याच्याकडे जेमतेम दहा शब्द आहेत, त्याला ते घरातलेच हवेत. भाषेच्या वादात इतकी वर्षं गेली, पण या मुलांचं नाव कुणी काढलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

अठरानंतरचं आणखी अवघड. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगत्व असलेल्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. मूल सज्ञान झालं की आईबापांनाही कायदेशीर पालक म्हणून नेमून घ्यावं लागतं. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो. त्या आईनं कागद आत्ताच जमवायला घेतलेत. पिशवीतला कन्नड कागद तिला शेजारची सातवीतली पोर वाचून दाखवते.