लघवीत मॉर्फिन सापडलं, म्हणजे नेमकं काय?

'व्हिसेरा राखून ठेवला' हे वाक्य नागपूरकरांना बातम्यांतून पाठ झालं आहे. पुढे प्रयोगशाळेत जे घडतं त्याचं मूळ 1850च्या बेल्जियममधल्या एका विषप्रयोगाच्या प्रकरणात आहे. तेव्हा मृताच्या अवयवांतून निकोटीन ईथर या विद्रावकात ओढून काढलं गेलं. अफूतलं वेदनाशामक मॉर्फिन मात्र हट्टी. अल्कली जास्त झाली की ते पुन्हा पाण्यात उतरतं, म्हणून पीएच 9च्या आसपास धरून क्लोरोफॉर्म-आयसोप्रोपेनॉल वापरावं लागतं. पुढे औषध धरून ठेवणाऱ्या भुकटीने भरलेल्या नळ्या, म्हणजे 'काडतुसं' आली, आणि 2006पासून काही मायक्रोलिटर विद्रावकावर भागवणारी पद्धतही.

खरा गुंता 'ओपिएट पॉझिटिव्ह', म्हणजे अफूवर्गीय औषध सापडलं, या शब्दात आहे. हेरॉइनचं शरीरात मॉर्फिन होतं. खोकल्याच्या औषधातल्या कोडीनचाही काही भाग मॉर्फिन होतो. आणि खसखशीत ते थोडं असतंच! सावजी मसाला, दिवाळीतले अनारसे आठवा. अमेरिकेत सरकारी कर्मचाऱ्यांच्या लघवीतपासणीची मर्यादा मिलिलिटरला 300 नॅनोग्रॅम होती. खसखस खाणारे आणि औषध घेणारेच जास्त अडकू लागल्यावर 1998च्या अखेरीस ती 2,000 झाली. हेरॉइन घेणारे सुटतील, अशी ओरड तेव्हा झाली, आणि काही सुटलेही असतील. तरी निर्णय योग्यच होता. निरपराध माणसाची नोकरी मसाल्यापायी जाऊ नये. हेरॉइनची खरी खूण म्हणजे 6-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन. ते लघवीत जेमतेम दिवसभर टिकतं, आणि लघवीतलं बांधलेलं मॉर्फिन सुटं करायला नमुना आम्लात उकळला तर त्याचंही मॉर्फिन होऊन पुरावाच पुसला जातो. म्हणून अहवालात आकड्याआधी नमुना आम्लाने फोडला की एन्झाइमने, हे वाचावं.

2005मध्ये इटलीतल्या पो नदीच्या पाण्यावरून कोकेनच्या वापराचा अंदाज बांधला गेला, तेव्हापासून शहरांचं सांडपाणी तपासलं जातं. तिथे मॉर्फिन लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजावं लागतं आणि हेरॉइनची ती खूण जवळपास उरतच नाही. अंबाझरीकडून शहरभर सांडपाणी घेत जाणाऱ्या नाग नदीचा नमुना घेतला, तर त्यात विदर्भातून, मध्य प्रदेश-छत्तीसगडातून इथे येणाऱ्या कॅन्सर रुग्णांना दिलेलं मॉर्फिनही असणार. रुग्णालयांतला खप वजा केल्याशिवाय त्या आकड्यावरून शहराला व्यसनी ठरवता येणार नाही.