मीठ विरघळताना पाणी गार का होतं?

'मीठ पाण्यात विरघळणं म्हणजे नुसतं मिसळणं, तिथे उष्णतेचा काय संबंध?' हा समज शाळेपासून डोक्यात घट्ट बसलेला असतो. तो काढायला एक तापमापी पुरते. १०० ग्रॅम पाण्यात ५.८५ ग्रॅम मीठ, म्हणजे एक दशांश मोल (मोल हे कणांची संख्या मोजायचं रसायनशास्त्रातलं एकक), टाकून ढवळलं की तापमान जेमतेम एक अंश उतरतं. मिठाऐवजी ७.४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घेतलं, तर आयनांच्या, म्हणजे विद्युतभारित कणांच्या, जोड्या तेवढ्याच, पण पारा चार अंशांच्या आसपास खाली येतो. निर्जल, म्हणजे पाण्याचा अंश नसलेलं, कॅल्शियम क्लोराइड टाकलं, तर पेला चक्क गरम लागतो. मंत्र म्हणत पांढरी पूड टाकून कुणी पाणी गरम करून दाखवलं, तर त्याला पूड न टाकता तेच करायला सांगावं.

मिठाच्या स्फटिकात सोडियमचे आणि क्लोरिनचे आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. एक मोल मिठातले सगळे आयन सुटे करायचे तर सुमारे ७८७ किलोज्यूल मोजावे लागतात. बंध तुटताना ऊर्जा बाहेर पडते असं अनेकांना वाटतं. खरं तर ती खर्च होते. आता पाण्याचे रेणू पुढे सरसावतात. ऑक्सिजनची किंचित ऋण बाजू सोडियमकडे, हायड्रोजनची किंचित धन बाजू क्लोराइडकडे करून ते प्रत्येक आयनाला वेढतात. या वेढ्यातून सुमारे ७८३ किलोज्यूल परत मिळतात. उरलेले चार पाण्याकडूनच घेतले जातात, म्हणून ते गार होतं.

मला या हिशेबाचं विलक्षण आकर्षण वाटतं. ७८७चा एक टक्का जवळपास आठ होतो. म्हणजे गणितात एका टक्क्याची चूक झाली, तर मीठ पाणी गार करतं की गरम, हेसुद्धा उलटं येईल! एवढ्या दोन प्रचंड आकड्यांची शिल्लक कागदावर भरवशाने काढता येत नाही. ती मोजावीच लागते.

मोजायला एकात एक बसवलेले थर्माकोलचे दोन पेले, झाकण आणि दशांश अंश दाखवणारी तापमापी चालते. द्रावणाचं वस्तुमान (नुसत्या पाण्याचं नव्हे), विशिष्ट उष्मा (एक ग्रॅमचं तापमान एक अंशाने वाढवायला लागणारी उष्णता) आणि तापमानातला फरक यांचा गुणाकार केला की उष्णता मिळते. कस लागतो तो हा फरक ठरवताना. सगळ्यात खालचं वाचन घेऊन मोकळं होता येत नाही, कारण क्षार (मीठ किंवा त्याच्यासारखा दुसरा पदार्थ) विरघळत असतानाच खोलीतली ऊब पेल्यात शिरत असते आणि खरी घट झाकली जाते. म्हणून क्षार टाकण्याआधी काही मिनिटं आणि नंतर आठ-दहा मिनिटं दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्यायचं. आलेखावर तळ गाठल्यानंतर एक सरळ रेषा हळूहळू वर चढताना दिसते. ती पट्टीने मागे वाढवत क्षार टाकल्याच्या क्षणापर्यंत न्यायची. तिथे आधीची रेषा आणि ही रेषा यांच्यात जे अंतर पडतं, ती खरी घट. क्षार क्षणार्धात विरघळला असता तर जे तापमान दिसलं असतं, ते असं हाती लागतं.

या साध्या पेल्यातून, थेट मोजायला फार अवघड असलेली उष्णताही काढता येते. पांढऱ्या निर्जल कॉपर सल्फेटच्या प्रत्येक एककाला पाण्याचे नेमके पाच रेणू मिळाले की निळं मोरचूद बनतं. पण पुडीवर मोजून पाणी शिंपडलं, तर काही भाग विरघळतो आणि काही आत कोरडाच राहतो. रसायनशास्त्रज्ञ जर्मेन हेसने १८४० मध्ये दाखवलं की सुरुवात आणि शेवट तेच असतील, तर वाट कुठलीही घेतली तरी एकूण उष्णता बदलत नाही. मग दोन्ही भरपूर पाण्यात वेगवेगळे विरघळवायचे. निर्जल पूड मोलमागे सुमारे ६६.५ किलोज्यूल बाहेर टाकते, मोरचूद सुमारे ११.७ किलोज्यूल शोषून घेतं. शेवटी दोन्ही पेल्यांत तेच निळं द्रावण असतं. पूड आधी निळी होऊन मग विरघळली, तरी एकूण ६६.५च बाहेर पडायला हवेत, आणि त्यातल्या विरघळण्याच्या टप्प्यात ११.७ शोषले जातात. म्हणजे पांढऱ्याचं निळं होताना सुटलेली उष्णता ६६.५ अधिक ११.७, सुमारे ७८.२ किलोज्यूल.