मोटरहोमच्या बॅटरीची पावसाळी निगा

मोटरहोम (कॅरव्हॅन) महिनोन्‌महिने उभी राहते, त्या काळात तिच्या बॅटऱ्या भरलेल्या ठेवण्याची पद्धत. थंड देशांत हे काम हिवाळ्यात येते आणि तिथे बॅटरी गोठण्याची धास्ती असते. गोव्यात गाडी उभी राहते ती पावसाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक (हंगामी झोपडीवजा उपाहारगृहे) उतरतात, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर धक्क्याला लागतात, घरोघर पुरुमेताची (पावसाळ्यासाठीच्या खाद्यसाठ्याची) बेगमी भरली जाते. मोटरहोम झाकून ठेवणे त्याच तयारीत बसते. विदेशी मार्गदर्शिका वाचून चालणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण गोव्यात बॅटरीला त्रास देतात ते उष्मा, खारा दमट वारा आणि येती-जाती वीज.

युरोपातून जमिनीवरून आलेल्या व्हॅन हणजुणे, कळंगुट भागात १९६० च्या दशकाअखेरीपासून दिसू लागल्या. आता देशी बनावटीच्या कॅरव्हॅनही आहेत. शेजारच्या महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले.

मोटरहोममध्ये बहुधा दोन स्वतंत्र बॅटऱ्या असतात. इंजिनची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देऊन स्टार्टर फिरवते. घराची बॅटरी दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फ्रीज तासन्‌तास चालवते. हा भेद सांगण्याचे कारण व्यवहारातले आहे. पुष्कळ गाड्यांत आतला चार्जर फक्त घराची बॅटरी भरतो. मालक चार महिने प्लग लावून निर्धास्त राहतो आणि ऑक्टोबरात किल्ली फिरवल्यावर इंजिनची बॅटरी बसलेली आढळते. आपला चार्जर कोणत्या बॅटरीला जोडलेला आहे, हे गाडी झाकण्यापूर्वी व्होल्ट मोजणारा मीटर लावून पाहावे.

शिसे-आम्ल बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये तयार केली. १२ व्होल्टच्या बॅटरीत सुमारे २.१ व्होल्टचे सहा घट असतात. वीज खर्च होताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते. ताजे असते तोवर ते चार्जिंगने विरघळते; आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, की त्याचे टणक स्फटिक बनतात आणि प्लेटचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. मेकॅनिक ‘बॅटरी सल्फेट झाली’ म्हणतात ते हेच. म्हणून अर्धी भरलेली बॅटरी ‘नंतर बघू’ म्हणून ठेवणे ही साठवणीतली सर्वांत महागडी चूक होय.

भरलेली बॅटरी बारा तास विसावल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी. ११.९ च्या खाली ती रिकामीच धरावी. चार्जर काढल्या-काढल्या घेतलेले माप फसवे असते, कारण प्लेटांच्या पृष्ठभागावर तात्पुरता भार राहिलेला असतो. साठवणीत १२.४ ची खूण आली, की चार्जिंगला उशीर करू नये.

बॅटरी रिकामी होते ती दोन वाटांनी. पहिली वाट तिच्या आतली, म्हणजे स्वविसर्जन : काहीही जोडलेले नसताना बॅटरी आपोआप उतरणे. पाणी घालायच्या बॅटरीत ते बेताच्या तापमानाला महिन्याला काही टक्के असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होते. एजीएम आणि जेल या पाणी न घालायच्या, बंद शिसे-आम्ल बॅटऱ्यांत ते बरेच कमी. दुसरी वाट गाडीची. घड्याळ, अलार्म, स्टिरिओची स्मृती, गॅसगळतीचा सूचक, जीपीएस ट्रॅकर ही उपकरणे गाडी बंद असतानाही थोडी थोडी वीज ओढत राहतात. सगळ्यांची मिळून ५० मिलिअँपिअर धरली, तरी दिवसाला १.२ आणि महिन्याला ३६ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांची बॅटरी या हिशेबाने सुमारे चाळीस दिवसांत निम्मी होते. मिरगाला उभी केलेली गाडी जुलैचा मध्य गाठतागाठता धोक्याच्या रेषेवर येते, आणि चवथ (गणेशचतुर्थी) अजून पुढे असते.

म्हणून वीज नसलेल्या जागी गाडी ठेवायची, तर बॅटरी पूर्ण भरून मायनसची वायर काढणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. कटऑफ स्विच असला तरी ट्रॅकर आणि सोलरचा कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीत जाणारी वीज आवरणारे यंत्र) पुष्कळदा त्याला वळसा घालून थेट बॅटरीला जोडलेले असतात, ते शोधावे. सेंट्रल लॉकवर विसंबून दार बंद करू नये. साध्या किल्लीने दार उघडते का, ते आधी तपासावे. तरी स्वविसर्जन थांबत नाही, त्यामुळे महिन्याला एकदा मीटर लावायलाच हवा. तारखा ध्यानात राहत नसतील तर सांजाव (२४ जूनचा सण), नागपंचमी आणि चवथ या खुणा गोव्यात पुरेशा आहेत.

घराजवळ वीज असेल तर टप्प्याटप्प्याने भरणारा स्वयंचलित चार्जर उत्तम. तो १४.४ व्होल्टच्या आसपास बॅटरी भरतो आणि नंतर १३.५ ते १३.८ व्होल्टवर नुसता टेकू देतो. जुना साधा चार्जर महिनाभर लावून ठेवू नये. तो थांबत नाही, पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात. गोव्यासाठी खरेदीची कसोटी आणखी एक : वीज जाऊन आल्यावर चार्जर आपोआप सुरू होतो का? पावसाळ्यात माडाची झावळी तारेवर पडून वीज जाणे नवे नाही. दर वेळी बटण दाबावे लागणारा चार्जर इथे निरुपयोगी ठरतो, कारण मालक बहुधा गाडीपासून दूर असतो. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणून बंद खोलीत, देवघराच्या समईजवळ बॅटरी भरू नये.

दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू करण्याची प्रथा सार्वत्रिक आहे आणि ती सोडलेली बरी. शिसे-आम्ल बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. दहा मिनिटांत तो भरत नाही. उलट कोमट राहिलेल्या इंजिनात आणि सायलेन्सरमध्ये पाण्याचा अंश साचतो.

छतावरचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात सहज पुरते. ताडपत्री किंवा शेडखाली ते काही देत नाही, आणि उघड्यावर ठेवले तरी आषाढातल्या ढगांत उत्पादन फारच घटते. पानांचा पाचोळा आणि शेवाळ पुसत राहावे. माडाखाली गाडी लावू नये हे गोंयकाराला सांगायला नको. कंट्रोलर वेगळा करताना आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी.

खाऱ्या दमट हवेने टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड धरते. झाकणे घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ती धुवावी, कोरडे करावे आणि व्हॅसलीन लावावे. बॅटरीच्या माथ्यावरचा ओलसर मळही प्लस-मायनसच्या मध्ये बारीक गळती करतो, तो पुसावा. पाणी घालायचे तर डिस्टिल्डच. कौलांवरून उतरलेल्या पागोळीच्या पाण्यात धूळ आणि क्षार असतात. पातळी चार्जिंगनंतर भरावी, मात्र प्लेटा उघड्या असतील तर आधी त्या बुडतील एवढेच घालावे. बॅटरी काढून सिमेंटच्या जमिनीवर ठेवली तर उतरते, ही समजूत जुन्या लाकडी व रबरी पेट्यांच्या काळातली आहे. प्लॅस्टिकच्या पेटीला तो धोका नाही. फळीवर ठेवली तर पुसायला सोपे, इतकेच.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा न्याय निराळा. ती काठोकाठ भरून ठेवू नये. निम्म्याच्या आसपास ठेवून सर्व भार तोडावा. सल्फेट झाडणारा चार्जर तिला कधीही लावू नये.

गाडी पुन्हा उघडायला दसरा सोयीचा, कारण त्या दिवशी तिला धुऊन तोरण बांधायचेच असते. आदल्या दिवशी मायनस जोडून बॅटरी पूर्ण भरावी, रात्रभर विसावू द्यावी. सकाळी १२.६ दिसले तरी खरी परीक्षा स्टार्टर फिरताना होते : त्या क्षणी मीटर ९.६ व्होल्टच्या खाली घसरला, तर बॅटरी बदलावी आणि जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.