स्वाक्षरीयुक्त बायबॅक बेसबॉल कार्ड

स्वाक्षरीयुक्त बायबॅक बेसबॉल कार्ड : बेसबॉलपटूचे जुने छापील कार्ड कंपनीने बाजारातून परत विकत घ्यायचे, त्यावर त्या खेळाडूची सही घ्यायची, शिक्का मारून अनुक्रमांक टाकायचा आणि नव्या मालिकेच्या पाकिटांत ते घालून द्यायचे, अशा रीतीने तयार होणारे संग्रहणीय कार्ड. ही अमेरिकेतील प्रथा असून १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती रुजली. आजही बेसबॉल कार्डांच्या संग्राहकांत तिचा स्वतंत्र चाहतावर्ग आहे.

या कार्डाचे वेगळेपण कागदात आहे. जुन्या कार्डाची नव्याने छापलेली प्रत आणि तिच्यावरची सही हा निराळा प्रकार. टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीने १९९७ मध्ये विली मेझ या जुन्या बेसबॉलपटूच्या जुन्या कार्डांच्या अशा प्रती काढल्या आणि त्यांतल्या काहींवर मेझने सह्याही केल्या. पण ती पुनर्मुद्रणे होती. बायबॅकमध्ये मूळच्या वर्षी छापलेले, कुणीतरी पाकिटातून काढलेले, कुठल्या तरी खोक्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेले कार्डच खेळाडूच्या हातात जाते. म्हणून कोपरे बोथट झालेले, छपाई मध्यापासून सरकलेले कार्डही या संग्रहात मानाने बसते. तरुणपणीचा चेहरा आणि निवृत्तीनंतरच्या हाताची सही एकाच तुकड्यावर येतात, हे या छंदाचे खरे आकर्षण होय.

हे सुचण्याजोगी परिस्थिती कार्डांच्या धंद्यानेच निर्माण केली. बबलगम विकणाऱ्या ब्रुकलिनच्या टॉप्सने १९५१ मध्ये बेसबॉल कार्डे काढली आणि १९५२ च्या संचाने पुढच्या कार्डांचा नमुना घालून दिला. (भारतात बिग फन बबलगममधली क्रिकेटची कार्डे जमवणाऱ्या पिढीला गम आणि कार्ड ही जोडी परिचित असेल.) १९८० च्या न्यायालयीन निकालानंतर टॉप्सची मक्तेदारी मोडली, १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस या कंपन्या मैदानात आल्या, १९८९ मध्ये अपर डेक आली. चढाओढीत छपाई अफाट वाढली. त्या काळच्या मालाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ (टाकाऊ मेण) म्हणतात. पाकिटे मेणकागदाची असत, त्यावरून हे नाव पडले. भविष्यात सोन्याचा भाव येईल म्हणून लोकांनी खोकीच्या खोकी साठवली, आणि प्रत्येकाने साठवल्यामुळेच त्यांना भाव राहिला नाही.

पाकिटात सही घालण्याची सुरुवात त्या काळातलीच. १९९० मध्ये अपर डेकने रेजी जॅक्सन या खेळाडूच्या सहीची २,५०० क्रमांकित कार्डे पाकिटांत विखुरली. मात्र ती त्यासाठीच मुद्दाम छापलेली होती. दुसरीकडे टॉप्सने १९९१ मध्ये आपल्या चाळीस वर्षांच्या निमित्ताने जुनी मूळ कार्डे नव्या पाकिटांत घालून वाटली. त्यांवर सह्या नव्हत्या. या दोन कल्पना जुळल्या की बायबॅक सिद्ध होते. एसपी या आपल्या कार्डमालिकेच्या १९९७ च्या संचात अपर डेकने ‘व्हिंटेज ऑटोग्राफ’ नावाने १९९३ ते १९९६ ची आपलीच एसपी कार्डे सह्या घेऊन परत आणली. केन ग्रिफी ज्युनिअर, टोनी ग्विन, अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज ही त्यांतली ठळक नावे.

या प्रथेचे सर्वांत बोलके उदाहरण १९९९ चे आहे. १९८९ च्या अपर डेक संचातले पहिल्या क्रमांकाचे कार्ड ग्रिफीचे होते. तो अजून सिअ‍ॅटल मरिनर्स या आपल्या मुख्य संघाकडून खेळलेलाही नव्हता. सॅन बर्नार्डिनोच्या कनिष्ठ संघातला त्याचा फोटो घेऊन टोपी रंगकामाने मरिनर्सची केली होती. हे कार्ड त्या पिढीचे प्रतीक ठरले, पण दुर्मीळ मुळीच नव्हे, कारण ते भरपूर छापले गेले होते. दहा वर्षे पूर्ण झाल्यावर अपर डेकने त्यातली १०० कार्डे परत घेऊन ग्रिफीची सही करवली आणि १९९९ च्या पाकिटांत सोडली. घराघरांत सापडणारे कार्ड अशा रीतीने शंभरांपैकी एक झाले. बायबॅकची ताकद समजून घ्यायला याहून चांगला दाखला नाही.

पुढे डॉनरसने २००० च्या दशकाच्या पूर्वार्धात ‘रिकलेक्शन कलेक्शन’ काढले. त्यात जुन्या डॉनरस कार्डांवर त्याच नावाचा उठावदार शिक्का असे. टॉप्सची ‘आर्काइव्हज सिग्नेचर सिरीज’ ही अलीकडची मालिका केवळ या प्रकाराला वाहिलेली आहे. तिच्या एका खोक्यात सही केलेले एकच जुने कार्ड, तेही मोहोरबंद पारदर्शक डबीत मिळते.

क्रमांक कसे ठरतात हे नवख्याला विचित्र वाटते. नव्या कार्डाची संख्या कंपनी आधीच ठरवते. येथे ती बरीचशी बाजारात किती प्रती हाती लागल्या यावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच खेळाडूची एका वर्षाची पन्नास कार्डे, दुसऱ्या वर्षाची सात आणि तिसऱ्याचे एकच, असे घडू शकते. सर्व कार्डांची पक्की यादी जुळवताना संग्राहकांना फार सायास पडतात. अनेक जण म्हणून एकच खेळाडू धरतात आणि त्याची वर्षांमागून वर्षे लावत जातात. एखाद्या फारशा नावाजलेल्या नसलेल्या राखीव कॅचरची (चेंडू झेलणाऱ्या खेळाडूची) सहीही अशा संग्रहात आनंदाने घेतली जाते, आणि ती स्वस्तही असते. दिवंगत खेळाडूंचे बायबॅक नव्याने होणे अर्थातच शक्य नाही. त्यांच्यासाठी जुन्या कागदपत्रांतून कापून घेतलेल्या सह्या कार्डात बसवतात.

सही थेट कार्डावर असल्याने कागदाचा पोत महत्त्वाचा. १९५० ते १९७० च्या दशकांतील जाडसर, चकाकी नसलेले कागद शाई चांगली धरतात. १९९० च्या दशकातील गुळगुळीत कार्डांवर शाई आक्रसून तिचे ठिपके पडतात. १९७१ च्या टॉप्स कार्डांच्या काळ्या चौकटीवर निळी सही गेली की ती दिसेनाशी होते.

शिक्क्याबद्दल संग्राहकांत मतभेद आहेत. जुन्या कार्डावर चमकदार फॉइल उमटवणे म्हणजे मूळ वस्तू खराब करणे, असे काहींचे ठाम मत आहे. टॉप्सने ‘रिडिस्कव्हर टॉप्स’ नावाने सही नसलेली साधी जुनी कार्डेही शिक्के मारून पाकिटांत घातली, तेव्हा हा आक्षेप रास्त होता. तिथे शिक्क्याने कार्डात काहीच भर घातली नाही. सहीच्या कार्डावर मात्र शिक्का आवश्यक आहे. मूळ कार्ड कुणालाही थोडक्या पैशांत मिळते, सहीची नक्कल करणारेही आहेत, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस एफबीआयच्या ‘ऑपरेशन बुलपेन’ने बनावट सह्यांचा व्यापार किती पसरला आहे हे उघड केले होते. टपालाने खेळाडूकडे पाठवून सही करून घेतलेले तेच कार्ड आणि कंपनीचे बायबॅक यांच्यातला फरक शेवटी शिक्का, हस्तलिखित किंवा छापील क्रमांक आणि होलोग्राम यांनीच दिसतो. म्हणून खरेदी करताना कार्डावरचा क्रमांक सोबतच्या प्रमाणपत्राशी ताडून पाहतात, डबीची मोहोर तुटलेली नाही ना हे बघतात, आणि मोहोर तुटली असेल तर पीएसए किंवा बेकेटसारख्या तपासणी संस्थेचा निर्वाळा मागतात.