टाकणखार आणि तरंगता घेर

दर दिवाळीला तोच सल्ला फिरतो: फटाके उडवताना सुती कपडे घाला, सुती कापड पेटत नाही. सल्ला बरोबर, कारण साफ चूक. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि सूत चिकटत नाही, एवढाच सुताचा फायदा. पातळ, विरळ विणीचं सुती कापड तर भसकन पेटतं. बॅलेच्या नर्तकींना हे फार महागात पडलं.

बॅले म्हटलं की जो पांढरा, तरंगता घेर डोळ्यांसमोर येतो, तो रूढ झाला 1832 साली, पॅरिस ऑपेरात मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ नाचली तेव्हापासून. ऑपेरात गॅसचे दिवे 1822 मध्येच आले होते. त्या उजेडात पोटरीपर्यंतचे पांढरे थर धुक्यासारखे दिसत. हे कापड म्हणजे टार्लटन: विरळ सुती वीण आणि तिला भरपूर खळ. मेजवान्यांच्या झग्यांतही ते शिरलं. पुढे 1856 च्या सुमारास झग्याखाली घालायचा पोलादी कड्यांचा क्रिनोलिन सांगाडा आला आणि रंगमंचावरचा घेर दिवाणखान्यात, शेगडीजवळ, वावरू लागला.

आता ज्योत. खरं तर कापड जळत नाही, त्याची वाफ जळते. सूत बनलेलं असतं सेल्युलोजच्या लांब साखळ्यांचं. साधारण 300 अंश सेल्सिअसला या साखळ्या तुटतात, त्यातून ज्वालाग्राही वायू निघतात, ते हवेत पेटतात आणि त्यांची धग शेजारचं कापड तापवते. हे चक्र किती वेगाने फिरणार, ते मुख्यतः वजनावर ठरतं. जीन्सचं कापड चौरस मीटरला 350-400 ग्रॅम भरतं, पातळ मलमल 40-50. तापवायला वस्तुमानच नाही, मग उशीर कसला? त्यात विरळ विणीमुळे हवा दोन्ही बाजूंनी मिळते आणि थरांमधल्या पोकळ्या धुराड्यासारखी ज्योत वर ओढतात. घेर जितका देखणा, तितका चुलीच्या रचनेच्या जवळ.

उपायही जुनाच आहे. गे-लुसाक या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नाटकगृहांतल्या कापडांवर प्रयोग करून 1821 मध्ये अमोनियम फॉस्फेट, नवसागर आणि टाकणखार (बोरॅक्स) यांचं मिश्रण सुचवलं. त्यातल्या फॉस्फेटची करामत मला फार आवडते. सेल्युलोजच्या प्रत्येक कडीत कार्बनचे 6, हायड्रोजनचे 10 आणि ऑक्सिजनचे 5 अणू असतात. म्हणजे हिशेबाने 6 कार्बन आणि पाण्याचे 5 रेणू. फॉस्फेट तापलं की अमोनिया उडून जातो आणि फॉस्फोरिक आम्ल मागे उरतं. साखळी तुटून ज्वालाग्राही वायू बनण्याआधीच हे आम्ल त्यातलं पाणी काढून घेतं. कागदावर 162 ग्रॅम सेल्युलोजचे 72 ग्रॅम कोळसा आणि 90 ग्रॅम वाफ होतात. प्रत्यक्षात इतकं चोख होत नाही, पण वाट तीच. शाळेत साखरेवर सल्फ्युरिक आम्ल ओतल्यावर काळा फेस वर येतो, तो याच जातीचा. कापड वाया जातं, पण पेटण्याजोगी वाफच पुरेशी निघत नाही. टाकणखार वितळून तंतूंवर काचेसारखा थर धरतो.

अडचणी मात्र व्यवहारातल्या होत्या. हे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे एका धुण्यात सगळी मेहनत जाते. प्रमाण कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर कापड कडक आणि मळकट दिसतं. काही क्षार गरम इस्त्रीखाली आम्ल सोडून सूतच कुजवतात. फ्रान्समध्ये 1859 साली रंगमंचावरचे कपडे अग्निरोधक करून घेण्याचा हुकूम निघाला, तरी नर्तकी नाराज. ताल्योनीची शिष्या एमा लिव्री हिने आपला नेहमीचाच झगा घालण्याचा आग्रह धरला. 15 नोव्हेंबर 1862 रोजी तालमीत तिने चुरगळू नये म्हणून घेर झटकला, वारा गॅसच्या ज्योतीवर गेला आणि क्षणात कपडे पेटले. पुढच्या वर्षी 26 जुलैला ती गेली. वय 20. अपघाताच्या दोन वर्षं आधी तिने ‘ल पापियों’ या बॅलेत मशालीवर पंख जळणारं फुलपाखरू साकारलं होतं, म्हणून याला भविष्यवाणी म्हणणारे आजही सापडतात. भविष्य कसलं? उघड्या ज्योतींमध्ये टार्लटन घालून रोज नाचायचं, तर अपघात ठरलेलाच. लंडनमध्ये 1844 साली क्लारा वेबस्टर ही नर्तकी अशीच रंगमंचावर जळाली होती. तिने कुठलंही फुलपाखरू साकारलं नव्हतं.

स्नेहसंमेलनाच्या सुती पडद्यांसाठी आजही जुनं प्रमाण चालतं: 1 लिटर गरम पाण्यात 70 ग्रॅम टाकणखार आणि 30 ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे कॅरमवर बरेचदा टाकतात ती. टाकणखार ज्योत रोखतो, बोरिक ज्योत विझल्यावर मागे धुमसत राहणारी धग. नुसता एक वापरलात तर अर्धंच काम होतं. कापड भिजवून पिळा, सपाट वाळवा आणि वजन करा. 100 ग्रॅमला साधारण 10 ग्रॅम वाढायला हवेत. मग एक पट्टी कापून, चिमट्यात उभी धरून, उघड्यावर आणि शेजारी पाण्याची बादली ठेवून खालच्या कडेला काडी लावा. काडी बाजूला केल्यावर पट्टीची ज्योत विझली पाहिजे. बोरिक पोटात गेलं तर अपायकारक असतं, त्यामुळे मुलांच्या अंगावरच्या कपड्यांवर हा प्रयोग नको.

आणि लेहेंग्याखाली फुगवट्यासाठी लावतात ती ‘कॅन-कॅन’ची जाळी? ती बहुधा नायलॉनची. तिच्यावर या पाण्याचा उपयोग नाही: तिथे सेल्युलोज नाही, आणि नायलॉन सुतासारखं पाणी शोषतही नाही. पेटलीच तर ती 220 ते 260 अंशांना वितळून ठिबकते. खाली सुती अस्तर असेल तर त्याचा कोळसा वितळलेलं नायलॉन धरून ठेवतो, समईतल्या वातीने तेल धरावं तसं.