पिन बसली म्हणजे ड्रायर चालेलच असं नाही: अ‍ॅडॅप्टर आणि कन्व्हर्टर

परदेशी राहायला निघालेल्या माणसाच्या बॅगेत अ‍ॅडॅप्टर असतोच. फोन, लॅपटॉप, कॅमेरा सगळं त्यावर बिनबोभाट चार्ज होतं आणि मग समजूत होऊन बसते की पिन बसली की काम झालं. हेअर ड्रायरच्या बाबतीत ही समजूत महागात पडते. ड्रायर जितका भारी, तितकी जास्त.

अ‍ॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीतून २३० व्होल्ट आले तर त्यातून पलीकडे २३०च जातात. व्होल्टेज कमी-जास्त करतो तो कन्व्हर्टर. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेले असतात आणि दिसायलाही कधी कधी सारखेच असतात, म्हणून घोटाळा होतो.

चार्जरला कन्व्हर्टर का लागत नाही? कारण त्याच्या आतलं सर्किट १०० ते २४० व्होल्टमधलं जे येईल ते घेतं आणि हवं तेवढं करून पुढे देतं. ड्रायरमध्ये मात्र तापणारी तार असते आणि तिला असं काही जमत नाही. व्होल्टेज दुप्पट झालं की तारेतला प्रवाहही दुप्पट होतो आणि उष्णता चौपट. अमेरिकेत ड्रायरवर सर्रास १८७५ वॉट लिहिलेलं दिसतं. तो १२० व्होल्टचा ड्रायर नुसता अ‍ॅडॅप्टर लावून २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचला, तर तार जवळपास सात हजार वॉट ओढायला बघते. नशीब चांगलं असेल तर आतला थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा सुरक्षेचा तुकडा, उडतो. उलट दिशेने गेलात तर धोका कमी, वैताग जास्त: २३० व्होल्टचा २००० वॉटचा ड्रायर १२० व्होल्टवर जेमतेम साडेपाचशे वॉट देतो. त्या कोमट फुंकरीने केस वाळायची वाट बघत बसा.

मग कन्व्हर्टर घ्यावा, असं वाटणं साहजिक आहे. पण कन्व्हर्टर या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि खरी मेख तिथेच आहे. प्रवासासाठी म्हणून मिळणारा हलका, मुठीत मावणारा कन्व्हर्टर दिव्याच्या डिमरसारखा चालतो: विजेच्या प्रत्येक लाटेचा काही भाग कापून टाकतो. साध्या ड्रायरच्या तारेला त्याने फारसा फरक पडत नाही, तिला फक्त तापायचं असतं. महागड्या ड्रायरमध्ये तारेच्या जोडीला ब्रशलेस मोटर असते, हवेचं तापमान सतत मोजणारा सेन्सर असतो आणि या दोघांना सांभाळणारं कंट्रोल सर्किट असतं. या सर्किटला अख्खी, स्वच्छ लाट लागते. तुकडे पडलेली लाट मिळाली तर ते बंद पडतं किंवा कायमचं जातं. २०१६ साली आलेला डायसन सुपरसॉनिक घ्या: १६०० वॉट, मोटरचे मिनिटाला १ लाख १० हजार फेरे, आणि मॉडेल प्रत्येक भागातल्या व्होल्टेजप्रमाणे वेगळं. पैसे जास्त मोजले म्हणजे ड्रायर कुठेही चालेल, असा अंदाज बांधणाऱ्याचा इथे हमखास हिरमोड होतो.

दुसरी वस्तू म्हणजे खराखुरा ट्रान्सफॉर्मर. तो लाट कापत नाही, अख्खी लाटच लहान-मोठी करतो. पण १६०० वॉटच्या ड्रायरसाठी किमान २००० वॉटचा तरी हवा, आणि तो लोखंड-तांब्याचा चांगलाच जड ठोकळा असतो. बाथरूमबाहेर तो मांडून रोज केस वाळवायचे, हे मला तरी संसाराचं लक्षण वाटत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर आणला तरी भिंतीतल्या सॉकेटची मर्यादा वाढत नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आणि नेहमीचं सॉकेट १५ अँपिअरचं, म्हणजे फार तर १५०० वॉट. तिथे व्होल्टेज वाढवून १६०० वॉटचा ड्रायर चालवायचा तर भिंतीतून १६ अँपिअरपेक्षा जास्त ओढावे लागतील. जपानी ड्रायर बऱ्याचदा १२०० वॉटचे का असतात, ते यावरून कळतं. काही देशांत विजेच्या लाटा सेकंदाला ५० येतात, काहींत ६० (हेच ते हर्ट्झ); हा फरक ट्रान्सफॉर्मर मिटवत नाही, पण ड्रायरपुरती त्याची चिंता नको.

तेव्हा विकत घेण्याआधी ड्रायरच्या मुठीवर किंवा वायरीच्या टोकाशी छापलेली बारीक ओळ वाचा. "१००-२४०" असेल तर तो दोन्हीकडे आपोआप चालतो, पण भारी ड्रायरवर ही ओळ क्वचितच सापडते. "१२५/२५०" असेल तर मुठीवर कुठेतरी नाण्याने फिरवायची खाच असते आणि देश बदलला की ती आठवणीने फिरवावी लागते. फसवते ती तिसरी ओळ: "२२०-२४०". मधली आडवी रेघ बघून हा ड्युअल व्होल्टेज, म्हणजे १२० आणि २३० दोन्हींवर चालणारा, आहे असं पुष्कळांना वाटतं. तो नसतो. त्याला २३०च्या आसपासचीच वीज लागते, १२० व्होल्टवर तो रडतो.

म्हणजे अ‍ॅडॅप्टर पुरतो कुणाला? व्होल्टेज तेच आहे आणि फक्त पिना बदलल्या आहेत, त्यांना. भारत, ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर हे सगळे २३० व्होल्टचे देश. यांच्यात ये-जा असेल तर चांगला ड्रायर खुशाल सोबत न्या. फक्त अ‍ॅडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघा. १६०० वॉटचा ड्रायर २३० व्होल्टवर सात अँपिअर ओढतो, आणि चार्जरपुरता बनवलेला ६ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर तेवढ्याने वितळू शकतो. मुक्काम लांबचा असेल तर सरळ इलेक्ट्रिशियनकडून प्लगच बदलून घ्या. ब्रिटनमध्ये प्लगच्या आत फ्यूजही असतो. आणि तिथल्या बाथरूममध्ये दाढीच्या मशीनसाठी म्हणून जे सॉकेट असतं, त्यात ड्रायर कधीही लावू नका. ते जेमतेम काही वॉटसाठी बनवलेलं असतं.

अमेरिका, कॅनडा किंवा जपानला राहायला जाणार असाल, तर महागडा ड्रायर तिकडे पोचल्यावर तिथलाच घ्या. वॉरंटीही बहुधा ज्या देशात घेतला तिथेच चालते. परत यायची वेळ आली की तो तिथेच विकून टाका.