सांध्यातली सूज आणि कूर्चा खाणारी एन्झाइम्स

कोल्हापुरात कुणाचा गुडघा धरला की ‘वंगण संपलंय’, ‘वाटी झिजली’ असं सर्रास म्हणतात. पण कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, नुसती घासून जात नाही, बऱ्याचदा सांध्यातल्या पेशीच एन्झाइम (तोडफोड करणारी प्रथिनं) सोडून ती खातात, आणि तसा हुकूम त्यांना सुजेच्या सिग्नलकडून येतो.

मुख्य सिग्नल दोन, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ, दोन्ही पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रथिनं. हे पेशीच्या रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या जागेला) चिकटले की आत एनएफ-कप्पा-बी आणि पी३८ वगैरे किनेज, म्हणजे निरोप पुढे नेणारी प्रथिनं, जागी होतात, पेशीकेंद्रात जाऊन जीन चालू करतात आणि मग एमएमपी-१, ३, १३ अशी कूर्चा तोडणारी एन्झाइम्स तयार व्हायला लागतात, शिवाय त्याच कामाची अडॅमटीएस-४ आणि ५. हे काम कूर्चापेशीही करतात आणि सांध्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशीही. आधी जातं अॅग्रिकन, म्हणजे कूर्चेत पाणी धरून ठेवणारं प्रथिन, ते थोडंफार परत भरून येतं. कूर्चेला ताकद देणाऱ्या कोलॅजन-२ या धाग्यांची जाळी एकदा एमएमपी-१३ ने तोडली की मात्र जवळपास संपलंच. एमएमपी बाहेर पडतात त्या झोपलेल्या अवस्थेत, त्यांना प्लाझ्मिन किंवा एमएमपी-३ उठवतं, आणि टिंप नावाची प्रथिनं त्यांना आवरायला असतात. सूज लांबली की टिंप कमी पडतात, वर पेशी नवीन कोलॅजन बनवणंही कमी करते, म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

याचा माग केंब्रिजच्या स्ट्रेंजवेज लॅबमध्ये लागला. १९७७ साली ऑनर फेल आणि जब या संशोधकांनी डुकराच्या सांध्याचं अस्तर आणि कूर्चा एकत्र वाढवून बघितली तर कूर्चा विरघळायला लागली. त्या अज्ञात घटकाला पुढे कॅटाबोलिन म्हणाले आणि नंतर कळलं की हे तर इंटरल्यूकिन-१ च.

आपल्याकडं गंगावेस, मोतीबागच्या तालमीतल्या पोरांनी हे समजून घ्यावं असं वाटतं, कारण गुडघ्याचा लिगामेंट (हाडांना जोडणारा पट्टा) फाटला की आतल्या द्रवात हेच सिग्नल वाढतात आणि पुढे काही वर्षांनी आर्थ्रायटिस व्हायचा धोका राहतो. सूज असताना तेल चोळून परत मातीत उतरणं म्हणजे लई महागात पडणारा हट्ट.

औषधांचं म्हणाल तर साध्या वेदनाशामक गोळ्या प्रोस्टाग्लँडिन हे दुखणं वाढवणारं रसायन कमी करतात, दुखणं थांबतं, एन्झाइम्स मात्र तशीच. संधिवातात (रुमॅटॉइड) टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं खरंच हाडांची झीज रोखतात, १९९० च्या दशकाअखेरपासून ती मिळतात. वयाबरोबर येणाऱ्या गुडघेदुखीत इंटरल्यूकिन-१ अडवून फारसा फरक पडलेला नाही. आणि थेट एमएमपी बंद करणारी औषधं वापरून बघितली तर पेशंटचे सांधेच आखडायला लागले.